जठराचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतर आयुष्य किती?

'कॅन्सर' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून बाहेर पडला, की घरची मंडळी पुढचे काही ऐकतच नाहीत. 'किती दिवस?' एवढा एकच प्रश्न उरतो. आणि रोग जठराचा असला तर तो विचारण्याचीही पुष्कळांची छाती होत नाही. पण याच रोगाची एक अवस्था अशी आहे, की तीत शस्त्रक्रिया झालेल्या शंभर माणसांपैकी नव्वदांहून अधिक माणसे पाच वर्षांनंतरही हयात असतात. निदान जपानातला अनुभव तरी असा आहे. मी वैद्य नव्हे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा माणूस. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. मात्र या नव्वदाच्या आकड्यात काय काय दडले आहे, ते उलगडून दाखवणे माझ्या धंद्यात बसते.

थोडा इतिहास पाहू. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने एका बाईच्या जठराचा रोगट भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडले. बाई शस्त्रक्रियेतून वाचली. साऱ्या युरोपात वाहवा झाली. पण सुमारे चार महिन्यांनी ती त्याच रोगाने गेली, कारण सुरी चालण्याआधीच रोग जठराबाहेर पडला होता. म्हणजे प्रश्न केवळ हातोटीचा नव्हता, वेळेचाही होता.

वेळ म्हणजे किती महिने? इथेच बहुतेकांची समजूत चुकते. 'आरंभीचा' कर्करोग हा महिन्यांनी मोजत नाहीत, खोलीने मोजतात. जपानी तज्ज्ञांनी १९६२ साली त्याची व्याख्या ठरवली, आणि तीच आज जगभर चालते. जठराची भिंत जेमतेम काही मिलीमीटर जाडीची. पण कांद्यासारखे तिचे पापुद्रे आहेत. सर्वांत आत श्लेष्मल त्वचा, तिच्याखाली एक सैलसर थर, मग स्नायू आणि बाहेर पातळ आवरण. रोग पहिल्या दोन पापुद्र्यांतच असला, स्नायूपर्यंत पोचला नसला, तर तो आरंभीचा. मग तो कितीही जुना असो.

आता हे दोन पापुद्रे दिसायला शेजारी, पण त्यांत फरक फार मोठा आहे. रोग नुसत्या श्लेष्मल त्वचेत असेल, तर तो जवळच्या लसिका ग्रंथींत पोचलेला सापडतो शेकडा दोन-तीन रुग्णांत. खालच्या सैल थरात उतरला, की हेच प्रमाण शेकडा विसाच्या आसपास जाते. कारण त्या थरात लसवाहिन्यांचे दाट जाळे असते. रोगपेशींना ती राजरस्त्यासारखी वाट मिळते. या सैल थरातसुद्धा अर्ध्या मिलीमीटरच्या आत आणि त्यापलीकडे असा भेद पॅथॉलॉजिस्ट करतात. अर्धा मिलीमीटर! पण त्यावर कोणाचे पोट उघडावे लागेल आणि कोणाचे काम तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने भागेल, हे पुष्कळदा ठरते.

ग्रंथींना लागण झाली आहे की नाही, आणि झाली असल्यास किती ग्रंथींना, हीच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वजनदार बाब. गाठीचा आकार, पेशींची जात, रोगपेशी रक्तवाहिनीत वा लसवाहिनीत शिरलेल्या दिसतात का, या गोष्टी तिच्या मागून येतात. येथे माझ्या विषयातला एक मुद्दा लागू पडतो. 'एकाही ग्रंथीत रोग नाही' हे वाक्य चार ग्रंथी तपासून लिहिले, की वीस तपासून? नमुना लहान तर भरवसा लहान. म्हणून निदान १५-१६ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात असा दंडक आहे. आपल्या घरी असा रिपोर्ट आला, तर हा आकडा जरूर पाहा, आणि डॉक्टरांना निःसंकोच विचारा.

शस्त्रक्रिया कोणाच्या हातची, यालाही महत्त्व आहेच. १९८९ ते १९९३ या काळात हॉलंडमध्ये एक मोठा प्रयोग झाला. तेथे लांबवरच्या ग्रंथीही काढण्याची जपानी पद्धत वापरली, तेव्हा शंभरात दहा रुग्ण रुग्णालयातच दगावले. तीच शस्त्रक्रिया जपानातल्या सरावलेल्या हातांनी केली, तर हे प्रमाण शेकडा एकही भरत नाही.

चिकित्सक वाचक येथे एक शंका काढील, आणि ती रास्त आहे. रोग लवकर सापडला, तर मोजणीचे घड्याळच लवकर सुरू झाले. मरण ठरल्या दिवशीच आले तरी 'पाच वर्षे जगला' अशी नोंद होणार! मग हे नव्वद टक्के म्हणजे नुसती आकड्यांची करामत तर नव्हे? याचे उत्तर ओसाका येथील एका अभ्यासात मिळते; तो २००० साली प्रसिद्ध झाला. आरंभीचा कर्करोग ठरूनही ज्यांची शस्त्रक्रिया झाली नाही किंवा सहा महिन्यांहून अधिक लांबली, असे ५६ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी ३६ जणांचा रोग पुढच्या अवस्थेत गेला. पाच वर्षांत तसे होण्याचा संभव शेकडा ६३ निघाला. तेव्हा करामत थोडीफार असेल, पण शस्त्रक्रियेचा लाभ खरा आहे. उलट, पाच वर्षांपर्यंत तो आहे तिथेच राहिलेलेही काही होते, हेही नजरेआड करू नये. हा रोग कधी कधी फार संथ चालतो.

जपानात १९६० च्या सुमारास क्ष-किरणांच्या मोटारी गावोगाव फिरू लागल्या, पुढे दुर्बिणी आल्या; म्हणून तिथे रोग आरंभीच सापडतो. आपल्याकडे अशी सार्वत्रिक तपासणी नाही, आणि महिनोन्महिने 'ॲसिडिटी' म्हणून सोडा घेणारे घरोघर आहेत. त्यामुळे आपल्या रुग्णालयांत हा रोग बहुधा उशिरा येतो, आणि जपानचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट. आरंभीच्या रोगातून वाचलेली वयस्क माणसे पुढे जातात ती बहुधा या रोगाने नव्हे. हृदयविकाराने, छातीच्या दुखण्याने, किंवा दुसऱ्याच एखाद्या कर्करोगाने. म्हणून रुग्णाचे वय आणि आधीची दुखणी ही आयुष्याच्या हिशेबात गाठीइतकीच मोजावी लागतात. विडीकाडी सुटली नसेल, तर पोट बरे होऊन उपयोग काय?

उरलेल्या जठरात नवी गाठ उद्भवू शकते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली जठरातला जो जंतू उजेडात आणला, त्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचा या रोगाशी निकटचा संबंध आहे. दुर्बिणीने गाठ काढल्यानंतर या जंतूचा नायनाट केला, तर नव्या गाठींचे प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांशावर येते, असे जपानात २००८ साली दिसून आले. कोरियात २०१८ साली ते निम्म्यावर आलेले आढळले. औषध एक-दोन आठवड्यांचे असते. तरीही ठरलेल्या मुदतीने दुर्बिणीची तपासणी चुकवता येत नाही.

ज्यांचे जठर संपूर्ण काढले आहे, त्यांना ब-१२ जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषता येत नाही. यकृतातला साठा दोन-चार वर्षे पुरतो, म्हणून आरंभी काही जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, आणि घरची माणसे 'रोग उलटला' म्हणून घाबरतात. पुष्कळदा ती केवळ चुकलेल्या इंजेक्शनांची बाब असते. जेवणही दोन वेळा पोटभर न घेता दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे घ्यावे लागते. आणि एकदम गोडाधोडावर ताव मारला, तर घाम सुटून भोवळ येते.