तळहाताएवढा इराण

करी रोडहून धीमी लोकल पकडली की चिंचपोकळी, भायखळा आणि मग सँडहर्स्ट रोड. रमजानात लालबाग-परळची मंडळी याच वाटेने मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा खायला जातात. तिथून चोरबाजारही चालत गाठता येतो. पण मटन स्ट्रीटची दुकानं पाहायची, तर इफ्तारच्या आधी, उजेडी जावं. पितळी दिवे, ग्रामोफोन, सिनेमाची पोस्टरं अशा पसाऱ्यात एखादा फ्रेममधला छोटा नकाशाही हाती लागू शकतो.

पर्शियाचे असे चिमुकले नकाशे जमवणारे शौकीन जगभर आहेत. हे नकाशे मुळात युरोपातल्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांतले. ऑर्टेलियसचा मोठा ॲटलास १५७० चा. फिलिप गालेने १५७७ मध्ये त्याची छोटी आवृत्ती काढली, १६०० मध्ये बर्टियसची आली. त्यात अख्खा इराण तळहातावर मावतो. कॅस्पियन समुद्र मात्र उत्तर-दक्षिण असायचा तो पूर्व-पश्चिम पसरलेला! काढणारे तिथे गेलेच नव्हते. जाणकार याच चुकीवरून नकाशाचा काळ ताडतात.

घेताना कागद उजेडासमोर धरावा. जुन्या हातकागदात जाळीच्या रेघा दिसतात. तांब्याच्या पत्र्याचा दाब कडेला बोटांना लागतो. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले, तर ती अलीकडची छपाई. रंग बहुधा मागाहून भरलेले. आणि सुटा नकाशा म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी फाडलेलं पुस्तक. एका पुस्तकापेक्षा शंभर पानं सुटी विकण्यात पैसा जास्त. या छंदाची ही बाजू विक्रेता सांगणार नाही, गिऱ्हाइकाने विचारायला हवी.

‘नकाशा’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मग फारसी लिहिणाऱ्यांनी स्वतःचं जग कसं आखलं? सादिक इस्फहानीने १६४७ मध्ये आपल्या जौनपुरात एक ॲटलास केला, दक्षिण वर ठेवून. युरोपच्या सवयीने पाहणाऱ्याला तो उलटाच वाटेल.

त्याहून नवलाची चीज म्हणजे इस्फहानच्या मानल्या जाणाऱ्या, सतराव्या शतकातल्या पितळी तबकड्या. एक १९८९ मध्ये उजेडात आली, दुसरी १९९५ मध्ये. व्यास जेमतेम साडेबावीस सेंटिमीटर. त्यावर स्पेनपासून चीनपर्यंतची सुमारे दीडशे गावं, आणि मधोमध मक्का. मध्यावर फिरणारी पट्टी आपल्या गावावर आणायची. कडेच्या वर्तुळावर किब्ल्याची, म्हणजे नमाजाची दिशा कळते आणि पट्टीवरच्या खुणांवरून फर्सखांत अंतर. हे जमावं म्हणून अक्षांशाच्या रेघा मुद्दाम वाकवलेल्या आहेत. संग्राहकाच्या हाती अशी तबकडी लागणं जवळपास अशक्यच.

तिच्यावर करी रोड असतं, तर पट्टीने हेच सांगितलं असतं: पश्चिमेकडे तोंड करा, उजवीकडे म्हणजे उत्तरेला दहा अंश वळा, अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास.