कार्यकारी स्मृती
हाती घेतलेल्या बौद्धिक कार्यासाठी लागणारी माहिती काही सेकंदांपुरती धारण करून तिच्यावर त्याच वेळी प्रक्रिया करणारी, मर्यादित क्षमतेची मानसिक यंत्रणा. अल्पकालिक स्मृतीत केवळ धारणा अभिप्रेत असते. कार्यकारी स्मृतीत धारणा व प्रक्रिया ही दोन्ही एकत्र येतात.

ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये या स्मृतीची त्रिघटक उपपत्ती मांडली. ‘ध्वनिवलय’ या घटकात शब्द व अंक मनातल्या मनात उच्चारून टिकविले जातात. त्यामुळेच लांब शब्दांपेक्षा आखूड शब्दांची यादी अधिक चांगली आठवते. आकृती व स्थाने ‘दृक्-अवकाशीय फलका’वर राहतात, तर अवधानाचे वाटप ‘केंद्रीय नियंत्रक’ करतो. विविध प्रकारची माहिती एकत्र गुंफणारी ‘प्रासंगिक संचयिका’ हा चौथा घटक बॅडली यांनी २००० मध्ये जोडला. मेंदूच्या ललाटखंडाचा अग्रभाग व पार्श्विक खंड यांचा या कार्यात प्रमुख सहभाग असतो.

अल्पकालिक धारणेची मर्यादा जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सुमारे सात घटक, दोन कमी वा अधिक, अशी सांगितली. नेल्सन कौअन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास मानली. मात्र अनेक घटकांचा एक अर्थपूर्ण गट बांधल्यास तो एकच घटक ठरतो. शोधाच्या संदर्भात सॉल स्टर्नबर्ग यांनी १९६६ मध्ये असे दाखविले, की ध्यानात ठेवलेल्या अंकांत एकेकाची भर पडली, तर विचारलेला अंक त्यांत आहे की नाही हे ठरविण्यास दर वेळी सु. ३८ सहस्रांश सेकंद अधिक लागतात.

या यंत्रणेचे कार्य तोंडी हिशेबात स्पष्ट दिसते. कोल्हापूरच्या बाजारात अडीच रुपयांस एक याप्रमाणे ३६ नगांची किंमत काढावयाची झाल्यास ३६ ची दुप्पट ७२ ध्यानात ठेवून निम्मे १८ काढावे लागतात व नंतर दोहोंची बेरीज ९० करावी लागते. अडीचकी पाठ असलेल्यास हेच उत्तर दीर्घकालिक स्मृतीतून एकदम मिळते. मराठी शाळांतील पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्या पाठांतराचे मर्म हेच होय. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यानंतर त्यांचा व्यवहारातील उपयोग घटला.

संगीतातही असेच घडते. छत्रपती शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्या जयपूर-अत्रौली घराण्यात लय व स्वर यांची गुंफण विशेष गुंतागुंतीची असते. त्रितालाच्या १६ मात्रा चार विभागांत बांधलेल्या असतात. अभ्यासाने ही चौकट अंगवळणी पडल्यामुळे गायकाचे अवधान नव्या तानेसाठी मोकळे राहते व समही चुकत नाही.

कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. शाळेत सर्व थरांतील मुले एकत्र आली, की त्यांच्या कार्यकारी स्मृतीच्या क्षमतेतील फरकही वर्गात येतात. एका दमात दिलेल्या चार सूचनांपैकी शेवटच्या दोन विसरणारे मूल पुष्कळदा आळशी वा दुर्लक्ष करणारे समजले जाते. वस्तुतः त्याची धारणाशक्ती भरून गेलेली असते. केवळ स्मृतीच्या सरावखेळांनी अभ्यासात व्यापक सुधारणा होते, असे निःसंशय सिद्ध झालेले नाही. सूचना तुटक देणे, मधली आकडेमोड पाटीवर मांडू देणे आणि समजलेल्या गोष्टींचे पाठांतर करून घेणे हे उपाय अधिक भरवशाचे ठरतात.