कटपीसचा संघ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बेसबॉल हा काही आपला खेळ नव्हे. मीही तो पन्नाशी ओलांडल्यावर पाहिला. २०२३च्या मे महिन्यात बहिणीच्या मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. तो फ्रीमाँटला नोकरीला आहे. एका संध्याकाळी तो मला ओकलंडच्या मैदानावर घेऊन गेला. ते अवाढव्य स्टेडियम आणि आत जेमतेम काही हजार माणसं! सीमेंटच्या रिकाम्या पायऱ्यांवर संध्याकाळचं ऊन पसरलेलं. मी म्हणालो, ‘‘अरे, इथं तर आपल्या गावच्या कबड्डीलासुद्धा जास्त गर्दी होते.’’ भाचा हसला नाही. म्हणाला, ‘‘मामू, वीस वर्षांपूर्वी या संघानं अख्ख्या अमेरिकेला हिशेब शिकवला होता.’’

तो हिशेब मला आज तुमच्यासमोर मांडायचा आहे. तो खेळाचा आहे तसा संसाराचाही आहे. कमी पैशांत चांगला संघ कसा उभा करायचा, हा त्यातला प्रश्न.

बेसबॉलचा हंगाम साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि फेब्रुवारीत पुन्हा सराव सुरू होतो. मधले तीन-चार महिने मैदानात कोणी नसतं, पण संघांच्या कचेऱ्यांमध्ये फोन खणखणत असतात. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, हे याच काळात ठरतं. शेतकऱ्याची उन्हाळ्यातली नांगरट असते ना, तसंच हे काम. पीक पुढं दिसतं, पण त्याचं बरंचसं ठरून जातं ते आधीच.

२००१ साली ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या संघानं १६२पैकी १०२ सामने जिंकले. बाद फेरीत गाठ पडली न्यूयॉर्क यांकीजशी. पहिले दोन सामने ओकलंडनं जिंकले आणि पुढचे तिन्ही हरले. त्या दुःखातून सावरायच्या आत त्यांचे तीन मोठे खेळाडू करारमुक्त झाले. जेसन जियांबी हा त्यांचा सर्वांत मोठा फलंदाज. यांकीजनं त्याला सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊ केले. जॉनी डेमन चार वर्षांच्या ३ कोटी १० लाखांवर बोस्टनला गेला. सामन्याचा शेवट सांभाळणारा गोलंदाज – तिकडे त्याला पिचर म्हणतात – जेसन इसरिंगहाउसन चार वर्षांच्या २ कोटी ७० लाखांवर सेंट लुईसला गेला.

आता ओकलंडची थैली पाहा. २००२ सालासाठी साऱ्या संघाचं मिळून मानधन होतं सुमारे ४ कोटी डॉलर. यांकीजचं होतं साडेबारा कोटींच्या आसपास. एकट्या जियांबीला वर्षाकाठी सरासरी १ कोटी ७० लाख द्यायचे, तर उरलेल्या संघानं काय उपाशी खेळायचं? म्हणजे पहिला पर्याय, मोठ्या खेळाडूंना धरून ठेवण्याचा, तो मुळात नव्हताच.

संघाचा व्यवस्थापक होता बिली बीन. त्याची गोष्ट मोठी बोलकी आहे. १९८० साली तो शाळेतून बाहेर पडला तेव्हा उंच, देखणा, वेगवान होता. खेळाडू हेरणाऱ्या जाणकारांनी त्याला पाहताच मान डोलावली. न्यूयॉर्क मेट्सनं पहिल्याच फेरीत त्याला निवडलं. पण मोठ्या मैदानावर त्याच्या वाट्याला आले अवघे १४८ सामने, आणि फलंदाजीची सरासरी हजारात २१९. दिसणं आणि खेळणं यांत किती अंतर असतं, हे तो स्वतःच्या देहावर शिकला होता. त्याच्या मदतीला होता पॉल डिपोडेस्टा, हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकलेला तरुण.

या दोघांनी प्रश्नच बदलला. लोक विचारत होते, दुसरा जियांबी कुठून आणणार? हे म्हणाले, दुसरा जियांबी नकोच. जियांबी जे देत होता, ते तीन माणसांत वाटून मिळतं का, ते पाहू.

इथं थोडा खेळ समजून घ्यायला हवा. बेसबॉलमध्ये एका संघाला नऊ डाव मिळतात आणि प्रत्येक डावात तीन गडी बाद व्हायची मुभा असते. म्हणजे एकूण सत्तावीस बाद. ही खरी पुंजी. जोवर बाद होत नाही, तोवर डाव संपत नाही. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या तळावर पोचतो, तसाच दुसऱ्याही एका मार्गानं पोचतो. पिचरनं ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजानं मोह आवरून बॅट हलवली नाही, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात. टाळ्या त्याला मिळत नाहीत. जुन्या फलंदाजीच्या सरासरीत तो धरतही नाहीत. पण माणूस तळावर पोचतो आणि पुंजीतला एकही बाद खर्च होत नाही.

मग दर हजार वेळांत फलंदाज किती वेळा बाद न होता तळावर पोचतो, हा आकडा महत्त्वाचा. २००१ साली जियांबीचा हा आकडा होता ४७७, म्हणजे अफाट. डेमनचा ३२४. ओल्मेडो साएन्झ या तिसऱ्या फलंदाजाचा २९१. तिघांची बेरीज १,०९२, भागिले तीन, म्हणजे ३६४. हा हिशेब पाचवीतला मुलगा करील. ओकलंडला एक महामानव नको होता, सरासरी ३६४च्या आसपासची तीन साधी माणसं हवी होती. आणि अशी माणसं बाजारात स्वस्त होती, कारण बाजार षटकारांसारख्या टोल्यांना आणि देखणेपणाला पैसे मोजत होता, संयमाला नाही.

पहिला सापडला स्कॉट हॅटेबर्ग. बोस्टनचा यष्टिरक्षक म्हणा हवं तर. तिकडे कॅचर म्हणतात. कोपराची नस दुखावल्यानं त्याला चेंडू नीट फेकता येईना. कॅचरला फेकता आलं नाही तर त्याची कारकीर्द संपलीच. बोस्टननं त्याला कोलोराडोला दिला, कोलोराडोनं करार न करताच सोडून दिला. पण चेंडू पारखून सोडून देण्याचा त्याचा संयम कुठं गेला होता? ओकलंडनं दहा लाख डॉलरच्या आतल्या मानधनात त्याला घेतलं आणि पहिल्या तळावर उभं केलं. तिथं फार लांब फेकावं लागत नाही. ती जागा त्यानं कधी सांभाळली नव्हती. रॉन वॉशिंग्टन या प्रशिक्षकानं त्याला ती हळूहळू शिकवली.

दुसरा डेव्हिड जस्टिस. वय पस्तिशीचं, पाय थकलेले. डिसेंबर २००१च्या एकाच आठवड्यात तो यांकीजकडून मेट्सकडे आणि तिथून ओकलंडकडे आला. वय झालं की माणसाचा वेग जातो, पण नजर एवढ्या लवकर जात नाही, हे ओकलंडनं ओळखलं. तिसरा जेसनचाच धाकटा भाऊ जेरेमी. तो संघात होताच; त्याला नियमित खेळवायचं ठरलं.

बाकीचे पर्यायही पाहण्यासारखे आहेत. शेवट सांभाळणाऱ्या पिचरला बाजारात फार भाव असतो, म्हणून त्याला विकत घ्यायचं नाही, स्वतः घडवायचं किंवा अदलाबदलीत आणायचं. ओकलंडनं टोरांटोकडून बिली कॉकला आणलं. त्याच्या बदल्यात एरिक हिन्स्की हा तरुण द्यावा लागला आणि पुढच्याच वर्षी हिन्स्की त्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. स्वस्तातल्या सौद्यालाही किंमत असते, हे इथं विसरता येत नाही. दुसरं असं, की त्या काळच्या नियमानुसार मोठा खेळाडू गेला की त्याच्या बदल्यात नव्या मुलांच्या निवडीत जादा संधी मिळत. तिघे गेल्यामुळे २००२च्या निवडीत पहिल्या फेरीतच ओकलंडच्या वाट्याला सात मुलं आली. गेलेल्यांच्या दुःखातून उद्याचं बियाणं मिळालं.

आणि सर्वांत मोठा आधार घरातलाच होता. नव्या खेळाडूवर पहिली सहा वर्षं संघाचा हक्क असतो. त्यातली पहिली तीनेक वर्षं त्याला किमान मानधनाच्या जवळपासच पैसे मिळतात. २००२ साली हे किमान मानधन होतं २ लाख डॉलर. टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे ओकलंडचे तीन तरुण पिचर कर्तृत्वाच्या मानानं फारच कमी पैशांत खेळत होते. मायकेल लुईसनं २००३ साली या संघावर ‘मनीबॉल’ हे पुस्तक लिहिलं, २०११ साली त्यावर सिनेमाही आला. हॅटेबर्गचं नाव जगभर झालं, पण त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचर ठरलेला झिटो आणि सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मिगेल तेहाडा यांच्याशिवाय ते गणित सुटलं नसतं.

निकाल काय लागला? २००२ साली ओकलंडनं १०३ सामने जिंकले, आदल्या वर्षीपेक्षा एक जास्त! हॅटेबर्गचा आकडा आला ३७४ आणि जस्टिसचा ३७६. जेरेमीला मात्र मे महिन्यातच दुसरीकडे पाठवलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओकलंडनं सलग वीस सामने जिंकले. ४ सप्टेंबरला विसाव्या सामन्यात ११–० अशी आघाडी होती. कॅन्सस सिटीनं ती पुसून ११–११ केलं. शेवटच्या डावात ज्याला कोणी ठेवून घेतलं नव्हतं, तो हॅटेबर्ग बदली फलंदाज म्हणून आला आणि त्यानं चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. पण बाद फेरीत पुन्हा पहिल्याच मालिकेत हार झाली, या वेळी मिनेसोटाकडून. २००० ते २००३, सलग चार वर्षं तेच. १६२ सामन्यांत हिशेब खरा ठरतो, पाच सामन्यांत नशीबही खेळायला उतरतं.

मी कवी माणूस. मित्र विचारतात, आकड्यांत तुला काय रस? पण गझल लिहिणारा मात्रा मोजतोच की! मोजल्यानं कविता होत नाही, पण न मोजता केलेली गझल पहिल्याच शेरात लंगडते. आणि आणखी एक गोष्ट मला जवळची वाटली. संमेलनात माझं नाव पुकारलं की कोणीतरी कौतुकानं म्हणतंच, ‘‘वा, तुमचं मराठी किती छान!’’ ते प्रेमानंच म्हणतात. पण नावावरून, चेहऱ्यावरून अंदाज बांधला गेलेला असतो, हे कळतं. अशा माणसाला, ‘तो कसा दिसतो ते राहू दे, तो काय करतो ते सांगा’ असं म्हणणारा बिली बीन आवडणारच.

माझ्या अब्बांचं तालुक्याच्या गावी शिलाईचं दुकान होतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायला गर्दी व्हायची. अख्खा तागा घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. दिवाळी उलटली की ते कापडवाल्यांकडे उरलेले कटपीस घ्यायला जायचे. पाठ एका तुकड्यातून, बाह्या दुसऱ्यातून, कॉलरचं अस्तर तिसऱ्यातून. गिऱ्हाईकाला सांगूनच, आणि तेवढे पैसे कमी घेऊन. मुलगा वर्षभर तो शर्ट घालायचा. ओकलंडची गोष्ट ऐकताना मला अब्बांची कात्री ऐकू येत होती.

पण मग ते रिकामं स्टेडियम? स्वस्तातली विद्या फार दिवस गुप्त राहत नाही. बोस्टनसारख्या श्रीमंत संघांनी तीच शिकून घेतली आणि बोस्टन २००४ साली अजिंक्य ठरलं. संयमाचाही भाव वाढला. ओकलंडला नवे कटपीस शोधत राहावं लागलं. पुढं पुढं काटकसर ही अडचणीतून सुचलेली युक्ती न राहता मालकांची सवय झाली. चांगला झालेला खेळाडू विकायचा, पैसे वाचवायचे. मी पाहिला त्या २०२३ साली संघाचं मानधन साऱ्या लीगमध्ये सर्वांत कमी होतं आणि संघ ११२ सामने हरला. १३ जूनला सत्तावीस हजारांवर लोक मुद्दाम मैदानात जमले आणि ‘संघ विका’ अशा घोषणा मालकाला उद्देशून देत राहिले. आमच्यात माणसं नाहीत असं म्हणता ना, मग ही पाहा! पण उपयोग झाला नाही. संघ लास वेगासला नेण्याचा निर्णय झाला. २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला, तेव्हा ते स्टेडियम भरलं होतं. २०२५पासून संघ वेस्ट सॅक्रामेंटोत खेळू लागला.

त्या दिवशी भाच्यानं फोन केला होता. म्हणाला, ‘‘मामू, माझ्या शेजारचे म्हातारबाबा खिशात मैदानाकडची चिमूटभर माती घेऊन आले.’’ मला काही बोलता येईना.

अब्बा कापड वाचवायचे, पण त्यांनी कधी कोणाचं माप मारलं नाही. थोड्या पैशांत चांगला शर्ट शिवणं ही कारागिरी आहे. थोड्या पैशांत तोकडा शर्ट शिवून ‘परवडत नव्हतं’ म्हणणं ही नव्हे. शर्ट अंगाला बसला की नाही, हे अंगात घालणारा सांगतो. ओकलंडच्या लोकांनी ते सांगितलं होतं.