एक 'लाइन', किती शब्द!

'लाइन' हा इंग्रजी शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की तो परका वाटतच नाही. पण त्याला मराठी शब्द द्यायचा म्हटला, तर एकाने भागत नाही. कवितेची ती ओळ, रेशन दुकानापुढची ती रांग. पाटीवर ओढतो ती रेघ, तळहातावरची ती रेषा. कपाळावर पडते ती आठी, कपडे वाळत घालतो ती दोरी. 'ती माझी लाइन नव्हे' म्हणताना अर्थ असतो पेशा. आमच्या घरात आणखी दोन शब्द: नमाजाची रांग म्हणजे सफ, शेराची ओळ म्हणजे मिसरा.

मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पुरा केला. १८४७ साली तो प्रसिद्ध झाला. कोशकाराचे कष्ट असतात ते अशा छटा निवडण्याचेच.

'लाइन मारणे', 'लायनीवर आणणे' हे आपल्याकडचे प्रयोग. त्यांचे मला वावडे नाही. पण सगळ्यालाच लाइन म्हटले, तर एक शब्द येईल आणि सहा जातील. पाटीवरची रेघ पुसता येते, तळहातावरची रेषा पुसता येत नाही. हा फरक 'लाइन' कसा सांगणार?