सामान भरण्याआधी वरच्या धरणांची बातमी बघा

शिरूर-दौंड पट्ट्यात बिऱ्हाडं हलतात ती मुख्यतः दोन हंगामांत. शाळेचं वर्ष आणि अकरा महिन्यांचा करार संपला की मे-जूनमध्ये कारेगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कुरकुंभच्या भाड्याच्या खोल्यांतून टेंपो भरले जातात. दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत आख्खा संसार घालून पाटससारख्या कारखान्यांवर येतात. मे म्हणजे ऊन आणि वळीव, ऑक्टोबर म्हणजे परतीचा पाऊस. हवेचा भरवसा सर्वांत कमी असतो तेव्हाच इथं घरं हलतात, आणि तरीही काही समजुती सुटत नाहीत.

पहिली समजूत सर्वांत घातक आहे: “आपला दुष्काळी भाग, इथं कुठला पूर!” वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, हे खरं. पण नदीतलं पाणी आपल्या आभाळातून येत नाही. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून येऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं. चासकमानचं पाणीही भीमेतूनच खाली उतरतं, आणि शिरूरजवळून जाणारी घोड पुढे भीमेलाच मिळते. म्हणून तर उजनीत किती पाणी येणार हे सांगताना दौंडचा विसर्ग सांगतात. दौंडला स्वच्छ ऊन असताना नदी चढलेली असू शकते. नदीकाठचा रस्ता किंवा कमी उंचीचा पूल लागणार असेल, तर आदल्या दिवशी वरच्या धरणांच्या विसर्गाची बातमी बघायलाच हवी. पाणी धरणातून इथवर यायला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ सावध होण्यासाठी आपल्या हातात असतो.

ओढ्यांचं मात्र उलट आहे. तिथं इशारा मिळत नाही. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत दौंड तालुक्यातल्या खानोट्याजवळ दुचाकींवरून जाणारी चार माणसं ओढ्याच्या पुरात वाहून गेली. एरवी अशा ओढ्यांत पाऊलभरही पाणी नसतं.

“भरलेला टेंपो जड असतो, तो वाहत नाही,” असं चालकही सांगतात. वाहत्या पाण्याची एक फूट खोली छोट्या मोटारीला तरंगवायला पुरते आणि दोन फूट बहुतेक गाड्यांना. गाडी जितकी बुडते तितकं पाणी तिला वर उचलतं. त्यात कपाटं, गाद्या, पलंग रचून उंच केलेला टेंपो आडव्या झोताला लवकर कलंडतो. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे वरून कळत नाही. दौंडच्या कुरकुंभ मोरीसारख्या रेल्वेखालच्या वाटेत पाणी साचलं असेल, तर लांबचा फेरा पत्करावा. वाढीव डिझेलचे पैसे संसारापुढे काहीच नाहीत.

वळवाच्या विजांबद्दल ठाम समज असा की टायर रबरी असल्यानं गाडीवर वीज पडत नाही. टायरचा त्यात काही वाटा नाही. बंद केबिनचा धातूचा सांगाडा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेतो, म्हणून काचा लावलेल्या केबिनमध्ये माणूस बराच सुरक्षित असतो. ताडपत्री टाकलेल्या हौद्याला हे संरक्षण नाही. बाभळीखाली किंवा चिंचेखाली गाडी लावून थांबणं तर सर्वांत वाईट. गडगडाट ऐकू आला की सामान चढवणं थांबवा, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. ते चालकाच्या फोनमध्येही असावं.

उन्हाबद्दल हमाल आणि मालक दोघंही म्हणतात, “घाम येतोय ना, मग काही होत नाही.” कष्टाच्या कामात होणाऱ्या उष्माघातात अंग घामानं भिजलेलंच असू शकतं. ओळखायची खूण वेगळी: माणूस असंबद्ध बोलतो, लटपटतो, चिडतो किंवा शुद्ध हरपते. अशा वेळी नुसतं पाणी पाजत बसू नये, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर थेंबही घालू नये. सावलीत आडवं करून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. मे महिन्यात अवजड सामान सकाळी दहाच्या आत हलवलं, तर ही वेळच सहसा येत नाही.

सामानावर माणूस बसवला की सामान सांभाळलं जातं, हाही गैरसमजच. सामान दोरानं सांभाळलं जातं. वर बसलेला माणूस पहिल्या गचक्याला खाली येतो, आणि मालवाहू गाडीच्या हौद्यातून प्रवास नियमातही बसत नाही. गाडीचा विमा असला म्हणजे भिजलेल्या सामानाची भरपाई मिळते असंही नाही. त्यासाठी वाहतुकीचा वेगळा विमा लागतो.

ऊसतोड कुटुंबांना यातलं बरंच निवडता येत नाही. तारीख मुकादम ठरवतो आणि कोपीची, म्हणजे तात्पुरत्या झोपडीची, जागा शेतमालक किंवा कारखाना दाखवतो. पाण्याची सोय म्हणून ती जागा पुष्कळदा ओढ्याच्या किंवा चारीच्या काठी असते. एका रात्रीच्या परतीच्या पावसात तिथं धान्य, अंथरूण, सगळंच भिजतं, आणि लहान लेकरांना घेऊन अंधारात कुठं जायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून घरमालकांना, मुकादमांना आणि कारखान्यांना हात जोडून विनंती आहे: हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बिऱ्हाड हलवायला दोन दिवस जास्त द्या, त्या दोन दिवसांचं भाडं किंवा खाडा कापू नका, आणि कोप्यांसाठी उंचवट्याची जागा द्या.