पहिला फोन कुणाला?

गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या जोडप्याचं तीन वर्षांचं लेकरू माझ्याकडे खेळत होतं. खेळता खेळता गपकन येऊन माझ्या मांडीवर पडलं. अंगाला हात लावला तर चटकाच बसला. मी घाबरून त्याच्या आईला फोन लावला.

त्याची आई जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बियाण्याची उगवण तपासायची, नोंदी ठेवायच्या. घनसावंगीहून सकाळची एस.टी. धरून अंबडमार्गे जालना गाठायचं आणि दिवेलागणीला परतायचं, हा तिचा रोजचा रामरगाडा. एरवी लेकराला आजी सांभाळते. पण वेचणीला मजूर मिळेनात म्हणून आजी गावाकडे गेलेली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, मिळेल त्या गाडीने ती बिचारी दोन तासांनी पोचली. तोंड पार उतरलेलं. महिन्यातली तिसरी रजा. "असं सारखं सारखं चालणार नाही," असं साहेबांनी ऐकवलं होतं. दवाखाना झाला, औषध झालं, लेकरू झोपलं. मग मी मायेने म्हटलं, "सोडून दे गं ही नोकरी. लेकरू जरा मोठं झालं की बघशील दुसरी."

ती जरा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "काकू, एकदा सोडली की परत कोण देतंय? प्लॉटचा हप्ता आहे. आणि एक विचारू? ह्यांचं दुकान इथून दहा मिनिटांवर आहे. तुम्ही त्यांना का नाही फोन केला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिचा नवरा इथेच, गावातल्या कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो. त्याचा नंबर माझ्याकडे होता. पण तो लावावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही! पंधरा वर्षं बचत गटाच्या बायकांना समानतेवर व्याख्यानं देणारी मी! आणि मला कशी आठवण राहिली नाही? २००४ साली मुलाच्या वेळी मीही कॉलेजातली कारकुनाची नोकरी अशीच 'थोड्या दिवसांसाठी' सोडली होती. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. बी.ए.चं सर्टिफिकेट कपाटात आहे.

सोयी झाल्याच नाहीत असं नाही. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करण्याचं बंधनही आलं. पण आपल्या गावात पन्नास माणसं कामाला असलेल्या जागा किती? अंगणवाडी आहे, पण ती काही संध्याकाळपर्यंत लेकरू सांभाळत नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने मात्र या पोरीचे चार पैसे वाचतात.

कायदा दाराशी येतो, उंबऱ्याच्या आत आपल्यालाच बघावं लागतं. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं खर्च होतात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८, असं दिसलं. म्हणजे आपले पावणेपाच तासांच्या वर आणि त्यांचा दीड ताससुद्धा नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. तो आधी जरा रागावलाच. "मला कुणी सांगितलंच नाही तर मी काय करू? आणि लेकरासाठी सुट्टी मागितली तर दुकानात हसतील."

मी म्हटलं, "हसू दे रे बाबा. दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी विसरतील."

भिंतीवर एक कागद लावला. लेकराला काही झालं तर पहिला फोन बापाला. दुपारी अंगणवाडीतून तोच आणेल, जेवू घालेल, मग माझ्याकडे सोडून दुकानात जाईल. आजी येईपर्यंत असंच.

सगळं लगेच सुरळीत झालं म्हणाल तर नाही. दूध उतू गेलं, वरण करपलं, माडीवरचं भांडण खाली ऐकू आलं. एका दुपारी लेकरू ओट्यावरून पडलं, कपाळातून रक्त आलं. या वेळी मी त्याला फोन केला. कानावर पेन तसाच ठेवून तो पळत आला आणि लेकराला उचलून दवाखान्यात घेऊन गेला. टाका पडला नाही, पट्टीवर भागलं.

संध्याकाळी ती एस.टी.तून उतरून घरी आली. पट्टी पाहून नवऱ्यावर कडाडली, "मला का नाही कळवलं?"

तो म्हणाला, "तू काय केलं असतंस? मी होतो ना!"

ती रागातच लेकराला जवळ घेऊन बसली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "काकू, आज पूर्ण दिवस भरला माझा."

मैत्रिणींनो, तुमच्या घरी लेकरू आजारी पडलं, तर पहिला फोन कुणाला जातो? आणि तो लावणारी बरेचदा आपणच असतो, नाही का?