‘निघून जाणे’ : एका संयुक्त क्रियापदाचा अर्थविचार

इंग्रजीत प्रस्थानाच्या निरनिराळ्या छटा दाखविण्यासाठी मूळ क्रियापदाच्या मागून एखादे लहानसे अव्यय जोडण्याची पद्धती आहे. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासास प्रारंभ करणे. ‘गो अवे’ म्हणजे बोलणाऱ्यापासून दूर होणे. मराठीत हेच कार्य दुसरे क्रियापद करते. ‘निघणे’ हे प्रारंभ दाखविते, ‘निघून जाणे’ हे दुरावणे दाखविते. या दोहोंत केवळ कमीअधिक जोराचा भेद आहे असे वरवर वाटते. वस्तुतः तो भेद दृष्टिकोनाचा आहे.

प्रथम रूपाचा विचार करू. ‘तो दुकानातून निघून शेतावर गेला’ या वाक्यात दोन स्वतंत्र क्रिया आहेत. ‘निघून’ आणि ‘गेला’ यांच्यामध्ये ‘थेट’, ‘सायंकाळी’ असे शब्द सहज बसतात. ‘तो रागाने निघून गेला’ येथे क्रिया एकच आहे व मधला सांधा उकलत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून संयुक्त क्रियापदांची चर्चा मराठीत चालत आली आहे; प्रस्तुत रूप त्या चर्चेचे उत्तम उदाहरण होय. यातील दुसरे क्रियापद दिशा ठरविते, हे ‘तसाच निघून ये’ या प्रयोगावरून स्पष्ट होते. तेथे ‘जाणे’ जाऊन ‘येणे’ आले, की दुरावण्याचा अर्थही लोपतो.

आता अर्थाकडे वळू. बीड जिल्ह्यातील घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील गाव परळी–विकाराबाद लोहमार्गावर आहे. अशा स्थानकावर ‘गाडी सुटली’ असे म्हटले, तर ती केवळ वार्ता होते. गाडीत बसलेलाही तसे म्हणेल. ‘गाडी निघून गेली’ हे मात्र फलाटावर राहिलेल्याचेच वाक्य आहे. नकारातही हाच भेद टिकतो. ‘गाडी अजून सुटली नाही’ हे नेहमीचे वाक्य. ‘गाडी निघून गेली नाही’ असे म्हणण्याचा प्रसंग कोणाला तरी ती गेल्याची भीती वाटत असेल तेव्हाच येतो.

तात्पर्य, ‘निघून जाणे’ हे मागे राहिलेल्याच्या बाजूने सांगितलेले प्रस्थान आहे. म्हणूनच निरोप घेणारा ‘निघतो’ किंवा ‘येतो’ म्हणतो. ‘मी निघून जातो’ असे तो रुसव्यात वा धमकीदाखलच म्हणेल. ‘आता निघा, उशीर होईल’ यात काळजी आहे, ‘निघून जा’ यात हकालपट्टी आहे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. हंगाम सरला, की ही कुटुंबे गावी परततात. त्यांच्याविषयी गावात ‘तोडीला गेले’, ‘कारखान्यावर गेले’ असे म्हणतात. ‘निघून गेले’ असे म्हणत नाहीत. ‘तोडीला’ या चतुर्थीत जाण्याचा हेतू आहे, आणि हेतू संपल्यावर परतणे त्यात गृहीत आहे. ‘गाव सोडून गेले’ या प्रयोगात गाव हे कर्म होते आणि संबंधच तुटतो.

एखाद्या नोंदवहीत अशा कुटुंबापुढे ‘गाव सोडून गेले’ असा शेरा पडला, तर चार-सहा महिन्यांची अनुपस्थिती कायमची ठरते. पालक तोडीला गेले असता मुलांना गावातच राहून शिकता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. कुटुंब परतणार आहे, हाच तिचा आधार. इंग्रजी अहवालातील ‘लेफ्ट’ या एका शब्दाचे भाषांतर करणाऱ्यावर यामुळे मोठी जबाबदारी येते. निघाले, तोडीला गेले, निघून गेले, सोडून गेले : यांपैकी एकाची निवड त्याला करावीच लागते, आणि त्या निवडीनेच, गेलेल्या माणसाची वाट पाहिली जात आहे की नाही, हे वाचकास कळते.